दुबईत गोफ सोडवताना

दुबई बघायला म्हणून मी कधीच गेले नसते. बेचाळीस वर्षांची माझी ताई तिकडेच वारली, आणि माझा व्हिसा येईपर्यंत अंत्यसंस्कारही तिकडेच उरकले. त्या वर्षी, २००२ साली, गणपतीच्या तोंडावर तिच्या मैत्रिणीचा, वैशालीचा फोन आला. "गोफाला आठ जणी लागतात गं. सातांत वीण बसत नाही. तू येतेस?" आई म्हणाली, "जा. निदान तिचं घर तरी बघून ये."

मुंबईहून शारजाचं विमान स्वस्त पडलं. ताईचं घर अल कुसैसला, तिथून हाकेच्या अंतरावर. तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरात मात्र जाऊ नका, उकाडा जीव काढतो. भावोजी न्यायला आले होते. वाटभर ट्रॅफिकबद्दलच बोलत राहिले बिचारे.

दुसऱ्या दिवशी भाची सई मला खाडीपलीकडे घेऊन गेली. तिथल्या होडीला अब्रा म्हणतात. "ओन्ली फिफ्टी फिल्स, मावशी. लाइक, सिक्स रुपीज." कडेला धरायला काही नसतं, तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरून बसायचं. ताई कुठल्या बाजूला बसायची, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही.

संध्याकाळी वैशालीच्या व्हिलात तालीम होती. दिवाणखान्यातलं झुंबर उतरवून त्याच्या हुकाला आठ रंगीत दोऱ्या बांधल्या होत्या. चौघी उजवीकडून, चौघी डावीकडून. समोरून येणारीला आतून ओलांडायचं, तिच्या मागचीला बाहेरून, की वर वेणी पडत जाते. मग इशारा मिळाला की वळायचं आणि त्याच पावलांनी ती सोडवायची. हा इशारा ताई द्यायची; आता तिच्या जागी तो मी द्यायचा होता.

"काय म्हणायची?" मी विचारलं.

"खलास!" वैशाली म्हणाली. "इथे सगळे उठता-बसता म्हणतात."

आमच्याकडे मात्र माणूस खलास होतो.

"यल्ला, चला!" वैशालीने हाक दिली आणि गाणं सुरू झालं. वीण सुरेख बसत होती, पण वळायची वेळ आली आणि तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला नाही. कुणीच वळेना. दोऱ्या आखूड होत गेल्या, खांद्याला खांदे लागले, गाणं बंद पडलं. वैशालीने डोळ्यांना पदर लावला. माझ्या समोरच सई होती.

"मावशी, जस्ट से इट. इट ओन्ली मीन्स इनफ."

"खलास," मी म्हणाले, आणि ढसाढसा रडले. रडतच आम्ही उलट्या फिरलो. शेवटचा पीळ सुटला तेव्हा सोफ्यावर बसलेले भावोजी उठून बाहेर निघून गेले.

गणपतीत गोफ छान झाला. पण मला आठवते ती तालीमच.

घरी परतले त्या दिवशी आई जेवायला वाढत होती. ती आणखी भात घालायला लागली तशी मी सवयीने बोलून गेले, "खलास!"

आईचा हात थबकला.

"अगं, तिकडे त्याचा अर्थ नुसता 'पुरे'," मी घाईघाईने म्हणाले.

"पुरे?" आई म्हणाली. "बेचाळीस वर्षं पुरे होतात का गं?"