मिठाच्या हवेतली आमची काच

परिषदेच्या निमंत्रणात मला ‘आदरणीय संशोधक’ म्हटलं होतं. मी तिथेच सावध झाले. प्रकाशशास्त्र आणि पातळ थरांच्या भौतिकीवर हल्ली इतक्या परिषदा भरतात की खरी कुठली आणि पैसे उकळणारी कुठली, ते कळत नाही. मी रत्नागिरीच्या त्या कॉलेजात फोन करून खात्री केली, मग दुसऱ्या नंबरवर फोन करून पहिल्या माणसाची खात्री केली. माझी पीएचडीची विद्यार्थिनी मधुरा शेजारी बसून हसत होती. “जाऊ या ना मॅडम, रत्नागिरीलाच जाऊ या,” हा धोशा मात्र तिचाच.

आमचं काम थोडक्यात सांगते. काचेवर द्रावण फवारून आम्ही एक अतिशय पातळ थर चढवतो. त्यानं काचेची चमक मरते आणि सोलर पॅनेलला जास्त उजेड मिळतो. हा थर समुद्रकाठच्या खाऱ्या हवेतही टिकतो, हा आमचा दावा. मधुराचा अख्खा प्रबंध त्यावर उभा होता.

आमच्या कोल्हापूरहून सकाळची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, आंबा घाटात डावीकडची खिडकी धरा. रस्त्याचं काम चालू असल्यानं हातखंब्यापर्यंत धूळ खावी लागते. तिथला चहा बरा, वडा मला कालचा वाटला. रत्नागिरीत उतरल्यावर मी रिक्षावाल्याला भाडं, रस्ता आणि त्याचं नाव विचारलं.

“मॅडम, कालेजात जाताव का पोलिसात?” तो म्हणाला. मधुरानं तोंड फिरवून हसून घेतलं.

परिषद खरी निघाली. मोठा हॉल, पोस्टरांच्या रांगा, जेवायला सुरमई आणि सोलकढी. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पोस्टरवर निकाल ठळक छापायचा आणि कृतीच्या जागी ‘योग्य तापमानाला’ असं मोघम लिहायचं. मधुराला मी बजावलं होतं, कुणी खोदून विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव.

खोदून विचारणारे लगेच भेटले. लेले सर, इथलेच निवृत्त प्राध्यापक, राहायला समुद्राला लागून. ते सकाळपासून आमच्या पोस्टरभोवती घुटमळत होते. काच कशानं धुता? फवारा किती उंचीवरून? मला त्यांचं लक्षण काही ठीक दिसेना. जेवताना ते मधुराशी हळू आवाजात बोलत होते आणि मला पाहताच गप्प झाले. पोरीला फितवतायत, असं माझ्या मनानं घेतलं.

दुपारी ते पुन्हा आले. खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी काढली. आमचा थर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोरी बाजू ओळखण्यासाठी आम्ही कोपऱ्यात काच कापायच्या हिरकणीनं तिरपा ओरखडा काढतो. त्या पट्टीवर तोच ओरखडा होता.

“ही आमची आहे!” मी जवळजवळ ओरडलेच. “तुमच्याकडे कशी आली?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. “मधुरा, सांगतेस का तूच?”

मधुरा पोस्टरकडे बघत म्हणाली, “मी पाठवल्या होत्या मॅडम. पावसाळ्याआधी. सरांच्या पडवीत ठेवायला.”

सरांनी चिकटपट्टीचा तुकडा काचेवर दाबून बसवला आणि ओढला. थर टिकतो का, हे बघायची आमची साधीच पद्धत. आमच्या प्रयोगशाळेत असं केल्यावर थर कधीच निघाला नव्हता. इथे चिकटपट्टीवर धुरकट पापुद्रा आला.

“सगळ्यांचं असंच झालं,” सर म्हणाले. “सकाळपासून कारणच शोधतोय. काच धुण्यात गडबड असावी. पण हवा खोटं बोलत नाही हो इथली.”

मला त्यांचा राग आला, मग मधुराचा, आणि दोन्हींत फारसा दम नव्हता. कोरड्या कपाटातल्या पट्ट्या तपासून मी खारी हवा जिंकली होती.

परतीची गाडी साखरप्याला पोचली. मग मी विचारलं, “तुला संशय कधीपासून होता?”

“दुसऱ्या वर्षापासून.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

ती बाहेर बघत म्हणाली, “तुम्ही सगळ्यांवर संशय घेता मॅडम. आपल्या निकालावर कुणी घेतला की तो माणूस वाईट ठरतो. मला वाईट ठरायचं नव्हतं.”

हे मला फार लागलं, अजून लागतं. माझ्याच विद्यार्थिनीनं खरं काय ते कळावं म्हणून माझ्या पाठीमागे पार्सलं पाठवावीत, इतकी मी अवघड झाले होते.

रत्नागिरीला जरूर जा. भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बसा, मासे खा, रिक्षावाल्यांची उलटतपासणी घेऊ नका.

प्रबंध वर्षभर लांबलाय. काल मधुरानं नव्या पट्ट्या आणून टेबलावर ठेवल्या आणि नेहमीसारखी निघाली. मी म्हटलं, “थांब. यात तुला काय खटकतंय, ते आधी सांग.”

ती दारात घुटमळली. मग परत आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “बरंच आहे मॅडम.”