बसून काढलेला फोटो

तिला सगळे तोफ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. गुरुद्वारात जोडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यापासून हारवाल्यापर्यंत सगळे हे नाव तिच्या माघारी घेत. नवरा तोंडावर घेई. तिला त्याचा राग येत नसे. बाकी सगळ्याचा येई. उशिरा येणाऱ्या वऱ्हाडाचा येई, नेमक्या क्षणी डोळे मिटणाऱ्या आत्यांचा येई, ऐन फेऱ्यांच्या वेळी पोराला कडेवर घेऊन मधूनच चालत जाणाऱ्या मावशीचा तर इतका येई, की त्या मावशीचा एकही फोटो अल्बममध्ये धड येत नसे. राग हा तिच्या कामाचाच एक भाग होता. तो घरी ठेवून ती कधी निघाली नाही.

शीख लग्नांचे फोटो काढण्यात तिचा हात धरणारं मात्र आसपास कोणी नव्हतं. ती स्वतः शीख नव्हती. मामाच्या स्टुडिओत पोरवयात झाडू मारता मारता कॅमेरा हातात आला, आणि मामाबरोबर पहिल्यांदा गुरुद्वारात गेली तेव्हा तिथलं लग्न तिला एकदम पटलं. सकाळची वेळ, पांढऱ्या चादरी अंथरलेला मोठा दिवाणखाना, समोर उंचावर गुरु ग्रंथ साहिब, आणि खाली सगळे सारखे. कारखान्याचा मालक तिथेच, त्याचा ड्रायव्हरही तिथेच, दोघे मांडी घालून. खुर्चीवरून भांडणं नाहीत, कारण खुर्चीच नाही. नवरानवरी ग्रंथासमोर बसतात, मग त्याच्याभोवती चार फेरे घेतात, त्यांना लावां म्हणतात, आणि प्रत्येक फेऱ्याला ग्रंथातला एक शबद, म्हणजे पद, गायला जातो. झालं लग्न.

जिथे सगळे खाली बसतात तिथे फोटोग्राफरनेही बसायचं, असं मामाने तिला सांगितलं होतं. तिने ते इतकं मनावर घेतलं की मामाही पुढे पुढे वैतागला. डोक्यावर ओढणी घट्ट, पाय अनवाणी, फ्लॅश नाही, ग्रंथाकडे पाठ नाही. आणि ग्रंथाचं वाचन करणारे ग्रंथी एकदा वाचायला बसले की लग्न लागेपर्यंत उठायचं नाही. ती बसल्या बसल्या खेकड्यासारखी सरकत दिवाणखानाभर फिरे. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. डॉक्टरने बसणं बंद करा म्हणून सांगितलं, तर ती डॉक्टरवर उखडली.

एकदा खुद्द ग्रंथी तिला म्हणाले होते, "बाई, लागलं तर उभ्या राहा. इथे माणसं उभी राहतातच की."

"आज मी उभी राहते, उद्या दुसरा शिडी आणेल," ती म्हणाली.

म्हाताऱ्या ग्रंथींनी हसून हात जोडले. ज्यांच्या घरचं कार्य ते साधेपणाने वागत, आणि ही पाहुणी मात्र नाकाने कांदे सोलत असे. मोबाइल उंच धरून उभ्या राहणाऱ्या पोरांवर तर तिचा दात होता. त्यांच्यापायी तिने गुरुद्वाराच्या कमिटीशी एक अख्खा मोसम भांडण काढलं, आणि शेवटी नियम करूनच घेतला, की लग्नाच्या वेळी आत एकच कॅमेरा, मोबाइल खिशात. त्या दिवशी घरी येऊन ती इतकी खूश होती, की नवऱ्याने विचारलं, "कुणाला उडवून आलीस?"

अशा या बाईकडे एका दुपारी दुसरी एक बाई आली. ही शाळेची बस चालवायची. बस बाहेर उभी करून, ड्रायव्हरचं जाकीट अंगात तसंच ठेवून आत आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

"मुलीचं लग्न आहे. फोटो तुम्हाला हवे तेवढे काढा ताई, मला त्यातलं कळत नाही. पण एक हवाच. पल्ला देतानाचा."

"तो काढतोच आम्ही. वडील पल्ला देतात तेव्हा..."

"वडील नाही. मी देणार आहे."

पल्ला म्हणजे नवऱ्या मुलाच्या खांद्यावरच्या लांब शेल्याचं टोक. फेऱ्यांआधी मुलीचा बाप ते उचलून तिच्या हातात देतो, आणि ते धरून ती त्याच्यामागे चारही फेरे चालते. मुलगी सासरी दिली ती याच क्षणी, पुढे नुसती पाठवणी. बाप नसला तर काका देतो, मामा देतो.

"ग्रंथींना विचारलंय मी," बसवाली म्हणाली. "ते म्हणाले, जिने वाढवली तिने द्यावा. मुलगी रांगत होती तेव्हा तिचा बाप गेला. मेला नाही, गेला. दुसरीकडे संसार आहे त्याचा. घरात आमच्या लग्नातला फोटो होता, तो मी काढला नाही, मुलीला बाप दिसावा म्हणून. ती झोपताना त्या काचेला पापा द्यायची. मी रात्रीचं जेवण करून, दप्तर भरून, तिचे केस विंचरून बसायचे, आणि पापा त्याला. आता तो फोटो खाली काढायचाय मला. त्या खिळ्यावर हा लावायचाय."

तोफेला ही बाई फार आवडली. आपल्याइतकी रागावलेली माणसं तिला क्वचितच भेटत.

"तो फोटो माझ्यावर सोडा," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी बाप आला.

क्रीम रंगाचा कोट, गुलाबी पगडी, चेहऱ्यावर आपण फार मोठं मन केल्याचा भाव. मुलीच्या तापात, परीक्षेत, तिचा हात मोडला तेव्हा ज्याचा पत्ता नव्हता, तो आता पहिल्या रांगेत आयता येऊन बसला. त्याला बोलावलं होतं नवऱ्या मुलाच्या काकांनी. काका म्हणजे गोड बोलून गळा कापणारा माणूस. आवाज कधी चढायचा नाही, हात सारखे जोडलेले.

"मॅडम, वडील आलेत," ते दाराशी तिला म्हणाले. "पल्ल्याच्या वेळी ते उठतील. चारचौघांत बरं दिसतं. तेवढं बघा."

"मला मुलीच्या आईंनी सांगितलंय काय काढायचं ते."

"आईंचे काढा की. भरपूर काढा. आईंना कोण नाही म्हणतंय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत कीर्तन सुरू झालं होतं, म्हणून दात आवळून ती आत गेली. बसवालीला तिने सांगितलं नाही. लग्नाच्या सकाळी कशाला, असं तिला वाटलं. आणि आईने आणि ग्रंथींनी ठरवलेलं हा काका काय बदलणार?

जागा तिने विचार करून निवडली. पुरुषांच्या बाजूला, ग्रंथसाहिबांच्या मंचाच्या कोपऱ्याजवळ. आई बायकांच्या बाजूने येणार, मुलीजवळ वाकणार, तेव्हा तिचा चेहरा थेट समोर सापडणार. कॅमेरा गुडघ्यावर टेकून ती बसली. तिची जागा कधी चुकत नसे.

अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली. सगळे खाली बसले. ग्रंथींनी आईकडे पाहून मान हलवली, आणि बसवाली उठली. जमलेली सगळी संगत बसलेली असताना एकटी उठली. बायकांमध्ये थोडी कुजबुज झाली. तिने ओढणी सारखी केली, चार पावलं चालून ती मुलीपाशी वाकली, शेल्याचं टोक उचललं.

त्याच वेळी काकांनी बापाला कोपराने ढोसलं आणि तोही उठला. तोफेच्या अगदी पुढून गेला आणि हात लांब करून वाकला. तिच्यासमोर एक क्रीम रंगाची पाठ आली. कोटाची शिवण न शिवण दिसत होती, आणि बाकी काही दिसत नव्हतं.

ती डावीकडे सरकली, तिथे नवऱ्या मुलाच्या पाठीशी त्याची बहीण बसलेली. उजवीकडे मंच. तिने हात उंच केले, पाठ आडवी येतच होती. उभं राहिलं असतं तर त्या वाकलेल्या पाठीवरून पलीकडचं सगळं दिसलं असतं. हे तिला त्या क्षणीच कळलं, नंतर नाही. पण ती उठली नाही. आजवर एकदाही उठलेली नव्हती, आणि या नालायक माणसासाठी तर ती मुळीच उठणार नव्हती. इतका संताप तिला आला होता. पाठीच्या कडेने मुलीचा हात जेमतेम दिसला, आणि संतापातच तिने बटण दाबलं.

"आई, तू दे," मुलीचा आवाज आला. शांत, पण दिवाणखानाभर ऐकू गेला.

बाप तसाच अवघडून उभा राहिला आणि मग जागेवर जाऊन बसला. तो बाजूला झाला तेव्हा आईही मागे सरली होती आणि पल्ला मुलीच्या हातात होता. ग्रंथींनी पहिल्या फेऱ्याची लांव वाचायला घेतली. पुढचे चारही फेरे तोफेने काढले, कसे काढले ते तिला आठवत नाही.

लग्न लागल्यावर ती जोडे ठेवायच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि कॅमेऱ्यात तो फोटो पाहिला. फोटो सुंदर होता, हेच वाईट होतं. प्रकाश छान, मुलीचा हात छान, त्यात शेल्याचं टोक, आणि त्याच्यापर्यंत पोचलेली बापाची लांबसडक बाही. कुणीही म्हटलं असतं, बापाने पल्ला दिला. त्या बाहीच्या खाली, बारकाईने पाहिलं तर, आणखी कुणाची तरी दोन बोटं होती.

मागून काका डोकावले. कधी आले ते कळलंही नाही.

"वा. याला म्हणतात फोटो," ते म्हणाले. "हाच मोठा करायचा, मॅडम. आमच्या बैठकीत लावू. आणि अल्बमच्या पहिल्या पानावरही हाच."

"हा खोटा आहे."

"फोटो कसा खोटा असेल? तुम्हीच तर काढलाय."

"पल्ला आईंनी दिला. सगळ्यांनी पाहिलंय."

"आज पाहिलंय," काका हसून म्हणाले. "दहा वर्षांनी लोक फोटोच बघणार ना?"

तोफेने त्यांच्या डोळ्यांसमोर कॅमेरा धरला, बटण दाबलं आणि तो फोटो पुसून टाकला. स्क्रीनवर एकदम पहिला फेरा आला.

"आता बघा दहा वर्षांनी," ती म्हणाली.

काकांचे जोडलेले हात पहिल्यांदाच सुटले. त्यांनी तोंड उघडलं, पण खोलीत जोडेवाला म्हातारा होता आणि दाराशी पाहुणे जमू लागले होते. माझ्याशी गाठ आहे, एवढंच पुटपुटून ते गेले. तिला मोकळं मोकळं वाटलं. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघून मान डोलावली, तेव्हा तर छातीच फुगली. कितीतरी दिवसांनी राग असा सत्कारणी लागला होता.

मग बसवाली आली. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा असा उजळलेला की तोफेला तिच्याकडे बघवेना.

"दाखवा ना," ती म्हणाली. "आला ना नीट?"

खोटं बोलता तिला कधी आलं नाही. तिने सगळं सांगितलं. तो आडवा कसा आला, फोटोत काय दिसत होतं, काका काय म्हणाले, आणि आपण तो कसा त्यांच्या तोंडावर पुसला. शेवटचं सांगताना आवाज जरा वर गेला, कारण निदान ते तरी ऐकून हिला बरं वाटेल असं तिला वाटत होतं.

बसवाली ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा विझत गेला.

"पुसला?"

"हो. त्या माणसाच्या हाती तो मी लागू देणार नव्हते."

"मला न दाखवताच?"

तोफेने कॅमेऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळला.

"मी कुठेच नव्हते त्यात? जरासुद्धा?"

"बोटं होती. दोन बोटं, त्याच्या हाताखाली."

"माझी बोटं होती," बसवाली हळू म्हणाली. "आणि तुम्ही पुसली. त्याच्यावरच्या रागाने. आणि आत मोबाइल चालत नाही म्हणून दुसऱ्या कुणाकडे काहीच नाही. माझ्या भावाने काढला होता खिशातून, तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्याने परत ठेवला."

"तो एकदम मध्ये आला, बाई. मी काय करणार होते? खाली बसलेली मी..."

"उठायचं होतं."

"ग्रंथसाहिबांसमोर मी उठत नाही. नियम आहे."

"कुणाचा?"

ग्रंथींचा म्हणावं तर ग्रंथींनी स्वतः उभ्या राहा म्हणून सांगितलं होतं. मामाचा म्हणावं तर मामाही एवढं कधी म्हणाला नव्हता.

"माझा," ती म्हणाली.

बाहेर गाडी आली होती. मुलीने दारातून हाक मारली, "आई, चल ना." बसवालीने मागे वळून पाहिलं नाही. तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर तोफेला सोपं गेलं असतं.

"मी उठले होते," ती म्हणाली. "सगळे बसलेले, बायका बोलत होत्या, तो समोर बसलेला. पाय लटपटत होते माझे. बस चालवताना घाटात कधी लटपटले नाहीत इतके. तरी उठले. तुम्ही का नाही उठलात?"

आणि ती उत्तरासाठी थांबली. मुलीने पुन्हा हाक मारली, कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी ती तिथून हलली नाही.