कोरड्या घागरीत बसवलेली देवी

देवावर रुसणारी माणसं पुष्कळ असतात. पण देवीला कोरड्या घागरीत कोंडून वर झाकण ठेवणारी बाई आमच्या अख्ख्या भावकीत मी एकटीच. ही काही मिरवायची गोष्ट नाही. तरी सांगते, कारण त्या आठ दिवसांत मला जे कळलं ते शांत माणसाला कदाचित कळलंच नसतं. मी शांत माणूस नाही. आमचे हे म्हणायचे, "पाण्याचा दुष्काळ पडंल, हिच्या रागाला कधी पडायचा न्हाई."

लातूरचा नवा जिल्हा होऊन तिसरं वर्ष होतं आणि पाऊस रुसूनही दुसरं. उदगीरजवळच्या आमच्या गावात टँकर यायचा आणि घरटी दोन घागरी पाणी मिळायचं. त्यात माणसं, एक म्हैस आणि माझी धाकटी जाऊ, जिला जन्मापासून चहूकडं समुद्र बघायची सवय. ती मॉरिशसची. तिचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले आणि तिकडचेच झाले. ही पोर विद्यापीठात मराठी शिकायला आली, तिथं आमच्या भावजींची ओळख झाली आणि शिकायला आलेली नांदायला राहिली. रंगानं आमच्याहून सावळी, नाव सरोजिनी. तरी कागदावर परदेशी. राहण्याची परवानगी तिला दर वर्षी वाढवून घ्यावी लागे.

आता माझा शहाणपणा सांगते. लग्नात सून घरात आली की तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहितात. सासूबाई थकलेल्या, म्हणून नाव ठरवायचा मान मोठी जाऊ म्हणून मी घेतला. माहूरची रेणुकामाय आमचं कुलदैवत. मी म्हटलं, एवढ्या लांबून आलेल्या पोरीला देवीचंच नाव देऊ, म्हणजे देवीला तिची काळजी घ्यावीच लागेल. भावजी म्हणाले, "वहिनी, हिचं पहिलंच नाव राहू द्या, पासपोर्टावर तेच आहे." मी ऐकते होय? रेशनकार्डावर रेणुका, मतदारयादीसाठी गावात नावं लिहून घ्यायला आलेल्या मास्तरलाही रेणुका. विचारणारा प्रत्येक जण माझ्याच तोंडून रेणुका लिहून घेऊन गेला.

पहिली दोन वर्षं जुन्या जिल्ह्यात भावजींच्या ओळखीवर निभावलं. त्या उन्हाळ्यात मात्र जुन्या जिल्ह्याची कचेरी म्हणाली, तुमचं गाव आता आमच्यात नाही. नव्या जिल्ह्याची कचेरी म्हणाली, तुमची फाईल अजून आमच्याकडं आलेली नाही, राहण्याचा पुरावा नव्यानं आणा. भावजी शाळेत मास्तर, ते परीक्षेच्या पेपरांत अडकलेले, आमच्या ह्यांना सरकारी माणसासमोर बोलताच येत नाही. म्हणून मी, जाऊ आणि तिची सहा महिन्यांची लेक अशा तिघी एस्टीनं लातूरला गेलो.

तिथला कारकून वाईट माणूस होता असं आज मी म्हणणार नाही. त्या दिवशी मात्र जे जे म्हणता येतं ते सगळं म्हणाले. त्यानं पासपोर्ट डाव्या हाताला ठेवला, रेशनकार्ड उजव्या हाताला ठेवलं आणि दोन्हीकडं बराच वेळ बघितलं. म्हणाला, "ह्या घरात रेणुका राहते. सरोजिनी कुठं राहते ते सांगा."

मी म्हटलं, "ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."

"मला माणूस नको, कागद पाहिजे."

लग्नपत्रिका दाखवली. तो म्हणाला, पत्रिकेवर गणपती आहे, शिक्का नाही. तलाठ्याकडून दाखला आणतो म्हटलं, तर तलाठी आधीच बोलला होता की रेशनकार्डावर जे नाव त्याच नावाचा दाखला मिळेल. मग कारकून शांतपणे म्हणाला की आठ दिवसांत ह्या नावाचा पुरावा आला नाही तर परवानगी संपली, बाईंना देश सोडावा लागेल. मी पोरीकडं बोट दाखवलं, ही अंगावर पिते आहे. तो म्हणाला, "लेकरू इथलं आहे. त्याला कुणी जा म्हणत नाही."

हे वाक्य ऐकून माझं काय झालं ते लिहिता येत नाही. मी एवढ्या जोरानं बोलले की बाहेरच्या लिंबाखाली बसलेली माणसं उठून आली. जाऊ माझा पदर ओढत होती, "अक्का, पुरे, अक्का." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, एक शरम होती. आपल्यामुळं ह्या घराला चारचौघांत ओरडावं लागतंय, अशी. ती बघून मला आणखी राग आला. कारण आत कुठंतरी मला पक्कं ठाऊक होतं की हा घोळ कारकुनाचा नाही, माझा आहे. दुसऱ्याची चूक असली तर मी दोन तास चिडते. स्वतःची असली की आठवडा जातो.

घरी आले ती सरळ देवघरात. अडलेल्या कामासाठी देव पाण्यात घालून बसायची आपल्याकडं रीत आहे. काम होईपर्यंत देव पाण्यात. पण पाणी कुठून आणू? टँकर दोन दिवस आलेला नव्हता. मी रेणुकामायचा चांदीचा टाक उचलला, बोटाएवढा असेल, रिकाम्या घागरीत ठेवला, वर ताटली ठेवली. म्हटलं, "तुझं नाव दिलं पोरीला. ते नाव तिला घरातून बाहेर काढतंय. आता तिचं काम होईस्तोवर तूही कोरडी बस." सासूबाईंनी कानावर हात ठेवले. आमचे हे चपला घालून बाहेर निघून गेले. जाऊनं मात्र ताटली उचलून आत डोकावून बघितलं आणि तिच्या त्या पुस्तकी मराठीत विचारलं, "अक्का, त्यांना गरम होत असेल का?" मी तिच्यावरही खेकसले.

चौथ्या दिवशी आम्ही तिघी पुन्हा लातूरला. ह्या वेळी गावच्या सरपंचांचं पत्र नेलं की सरोजिनी आणि रेणुका एकच. कारकुनानं ते परत केलं. सरपंच नाव ओळखतात, पासपोर्ट ओळखत नाहीत, म्हणाला. मी पुन्हा सुरू झाले. बाकावर एक मुसलमान म्हातारी बसली होती, बुरखा मागं सारलेला, हातात पानाचा डबा. तिची बहीण फाळणीत तिकडं गेलेली, महिनाभर भेटायला आली होती आणि तिची नोंद करायला ह्या दोघी आल्या होत्या. मी बाहेर येऊन पायरीवर धापा टाकत बसले तशी ती सरकत शेजारी आली.

"इत्ता चिल्लाको क्या हुता माँ?" ती म्हणाली. "वो बोलता ना, बच्ची यहाँ की. तो बच्ची का कागज दिखाओ उसकू. उसमें माँ का नाम रहता, गाँव रहता."

मी ताडकन उठले. सहा महिने झाले, पोरीच्या जन्माचा दाखला आम्ही काढलाच नव्हता. शाळेत घालताना काढू म्हणून कुणी मनावरच घेतलं नव्हतं. पण लगेच माझं तोंड उतरलं. पोरगी झाली भोकरला, माझ्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. हिचं माहेर समुद्रापलीकडं, म्हणून मीच माझं माहेर तिला दिलं होतं. आणि तिथंही बरोबर मीच होते. म्हणजे तिथंही रेणुकाच लिहिलं असणार. म्हातारीला हे सांगितलं, तर ती पान लावत म्हणाली, "जाको देखो तो. नै रया तो आको फिर चिल्लाओ." तिची बहीण खुदकन हसली. मला हसू आलं नाही. मी मनात म्हटलं, हिला काय जातंय सांगायला.

तरी गेलो. लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकर. मे महिन्याच्या उन्हात खिडकीच्या सळईला हात लावता येत नव्हता, पोरगी रडून रडून गळून पडली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळलेली. सगळी वाट मी देवीशी भांडत होते. माझं म्हणणं एवढंच होतं की तुला माझी खोड मोडायची होती तर माझी मोडायची, ह्या पोरीनं तुझं काय बिघडवलं? जाऊ खिडकीबाहेर बघत होती. नांदेडच्या स्टँडवर ती हळूच म्हणाली, "अक्का, मला जावं लागलंच तर हिला तुम्ही घ्याल ना? दूध सोडवायला किती दिवस लागतात?" तिनं हे अशा आवाजात विचारलं जसं कुणी बाजारातून काय आणू विचारतं. मी पोरीला तिच्याकडून ओढून माझ्या मांडीवर घेतलं. राग होता, पण त्याला कुठं ठेवावं ते कळेना.

भोकरच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. नर्सबाईंनी रजिस्टर काढलं, तारीख विचारली आणि बोट फिरवत खाली आल्या. मी डोळे मिटून घेतले होते. त्या वाचत होत्या, मुलगी, वजन अमुक. मग आईचं नाव. सरोजिनी. पुढं तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, पासपोर्टावर आहे तसंच्या तसं. त्याखाली पतीचं नाव, राहणार आमचं गाव, तालुका उदगीर.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मी म्हटलं, मला दाखवा. त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. जाऊ दाराशी उभी राहून पोरीला झोपवत होती, तिला अजून काही कळलं नव्हतं. मी तिथंच फरशीवर बसले. नर्सबाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. त्या दिवसांत परक्या माणसाला कुणी तांब्याभर पाणी देत नव्हतं.

दाखला हातात घेऊन आईच्या घरी गेलो. माझी आई निरक्षर. दारातच मी तिला धारेवर धरलं, हे नाव कुणी लिहून दिलं, आणि मला कसं कळलं नाही. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"म्याच सांगितलं," ती म्हणाली. "लेक माहेरला आली व्हती का सासरला? माहेरला आलेल्या लेकीला सासरचं नाव घेऊन कोण बलावतं? म्या तिलाच इचारलं, बापानं काय नाव ठिवलं, आन तेच सांगितलं."

"पण मी कुठं होते?"

"तू? तू भाईर टांगेवाल्यासंगं भांडून राहिली व्हतीस. घोडं आत आणंना म्हनून. पोरगी कळा देत व्हती आन तुजं भांडन सरंना. म्हनून मी आत गेले."

मला आठवलं. खरंच तसं झालं होतं. अर्धा तास मी त्या टांगेवाल्याचा उद्धार करत फाटकाशी उभी होते. मी आत असते तर रेणुका लिहून आले असते आणि मोठ्या अभिमानानं लिहून आले असते. मी तिला घागरीतल्या देवीचं सांगितलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, मला वाटलं शिव्या घालील. ती एवढंच म्हणाली, "तिला म्हाईत हाय तू कशी हायेस ते. तिनं तुला भाईर ठिवलं, ते उगं न्हाई."

सातव्या दिवशी लातूरला कारकुनानं दाखला उलटसुलट करून बघितला. शिक्का बघितला, सही बघितली, माहेरचं नाव पासपोर्टाशी अक्षर अक्षर जुळवलं, गावाचं नाव रेशनकार्डाशी जुळवलं. म्हणाला, "हे आधी आणायचं होतं." नांदेडपासून मी त्याला सुनवायला जे जे तयार करून आणलं होतं ते सगळं जिभेवर आलं. आणि तिथंच राहिलं. त्याच्या तोंडून जणू मलाच कुणी ते म्हणालं होतं. त्यानं वर्षाची परवानगी वाढवून दिली. जाऊनं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला, अगदी आमच्याकडच्या बायका प्रसाद घेतात तसा. बाकावर ती म्हातारी दिसते का म्हणून मी बघितलं. नव्हती. बहिणीची नोंद होऊन गेली असेल. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. पुढं किती वर्षं त्या कचेरीत गेले, ती पुन्हा दिसली नाही.

घरी आल्यावर त्या दिवशीच्या माझ्या वाट्याच्या पाण्यानं मी देवीला आंघोळ घातली. क्षमा मागावी म्हणून बसले, पण मला क्षमा मागायचा सराव नाही, जमलं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. मी ज्या कामासाठी तिला कोंडलं ते तिनं सहा महिन्यांपूर्वीच करून ठेवलं होतं. मी मागितलं नव्हतं, मला माहीतही नव्हतं. उलट मी मध्ये येऊ नये म्हणून माझ्या रागालाच तिनं कामाला लावलं होतं. लोक याला योगायोग म्हणतील. म्हणोत. मी कुणाशी त्यावरून भांडत नाही, आणि मी भांडत नाही हीच गोष्ट आमच्या घरात खूप मोठी समजतात.

जाऊला मी त्या दिवसापासून सरोजिनी म्हणायला लागले. सासूबाई शेवटपर्यंत रेणुकाच म्हणाल्या. तिनं दोघींनाही ओ दिली.

तिच्या परवानगीचे कागद पुढं पुष्कळ वर्षं दर उन्हाळ्यात नवे करावे लागले. दर वेळी काहीतरी कमी निघे, दर वेळी मी तिच्याबरोबर जाई आणि दर वेळी माझा आवाज चढे. एवढ्या अनुभवानं माझा स्वभाव बदलला असं म्हटलं तर आमचे हे हसतील. फक्त घरातून निघताना आता देवीला अटी घालत नाही. देवघरापुढं उभी राहते आणि एवढंच म्हणते, तू पुढं हो माय, मी भांडत भांडत मागून येते.