रिकाम्या वहीची बातमी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. वीस-बावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवते आहे. रागावते, पण शिकवते. माझ्या हाताखालून गेलेलं पोर पाढ्यात अडकत नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. तरी एकदा सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी चूक माझ्या हातून झाली, खरं तर तोंडातून झाली, आणि ती निस्तरायची कशी ते मला चौथीतल्या एका मुलीनं शिकवलं.

माझं घर अमरावतीत आणि शाळा अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरच्या पुढं आत गेलेल्या रस्त्यावर. पहिली ते चौथी, शिक्षक दोनच. एक मुख्याध्यापक सर आणि दुसरी मी. करोनात शाळांना कुलपं लागली आणि जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस पास मागायला लागले, तेव्हा रोजची हुज्जत नको म्हणून मी मूर्तिजापुरातच एक खोली भाड्यानं घेतली. सकाळी स्कूटीवर गावात जायचं, सरकारनं दिलेलं सर्वेक्षणाचं काम उरकायचं आणि जमेल तसं पोरांना अभ्यासाला धरून ठेवायचं, असं चाललं होतं.

अभ्यासाची मी यादी केली होती. ज्यांच्या घरी मोठा फोन, त्यांना रोजचा अभ्यास ग्रुपवर. ज्यांच्या घरी नाही, त्यांना तोच अभ्यास कागदावर लिहून दारात नेऊन द्यायचा. यादी माझ्या हातची, म्हणजे ती चुकणार नाही अशी माझी खात्री. पहिले दोन महिने पोरांनी हौसेनं केलं. मग हळूहळू वह्या यायच्या थांबल्या. पोरं दिवसभर नदीकाठी नाहीतर कुणाच्या ओट्यावर गोट्या खेळताना दिसायची. मी हाक मारली की मास्क वर ओढून पळायची.

शाळेत परिपाठाला रोज एक मूल बातम्या वाचायचं. मला वाटलं, शाळा बंद आहे, पण बातम्यांना कुणी कुलूप लावलंय? ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा होता. नळ कधी येणार, रेशन कधी मिळणार, ते शिपाईकाका त्यावरून सांगायचे. मी सरपंचांना सांगितलं, नळाच्या नंतरची पाच मिनिटं मला द्या. मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, त्यामुळे ते हो म्हणाले.

त्या बातम्यांत पेपरातलं काही नसायचं. सगळ्या आमच्या पोरांच्या. इथं मी नावं लिहीत नाही, पण तेव्हा वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घ्यायची. तिसरीतल्या अमकीनं सतराचा पाढा न अडखळता म्हटला. दुसरीतल्या तमक्यानं घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांचा आठवडाभराचा तक्ता केला, मंगळवारचं एक अंडं मांजरानं नेलं, तेही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं आहे. पहिलीतल्या एकाचा पुढचा दात पडला असून तो त्यानं डबीत ठेवला आहे, बघायला जाणाऱ्यांनी मास्क लावून जावं.

आठवडाभरात गाव बदललं. वह्या ठेवायला पंचायतीच्या ओसरीवर मी एक खोका ठेवला होता, तो शनिवारी भरून वाहायला लागला. एक बाप तर मला रस्त्यात अडवून म्हणाला, "मॅडम, आमच्या पोट्ट्याची बातमी काहून नाई आली? त्यानं काय पाप केलं?" मी म्हटलं, "पाप नाही केलं, अभ्यासही नाही केला." दुसऱ्याच दिवशी त्या पोट्ट्याची वही आली, अर्धी बापाच्या अक्षरात. शिपाईकाका म्हणायचे, "पह्यले नळाचं सांगितलं का लोक म्हनत, बंद करा भोंगा. आता म्हन्तात, बातम्या होऊ द्या." मी कॉलर ताठ करून फिरत होते. स्वतःवर खूश असले की मी जरा जास्तच बोलते, हे माझ्या घरचे सांगतात आणि ते खरं आहे.

मग फेब्रुवारीत अमरावती-अकोल्यात पुन्हा बंद लागला. शाळा उघडेल या आशेवर बसलेली पोरं खट्टू झाली आणि वह्या परत रोडावल्या. त्या शनिवारी खोक्यात चौथीतल्या एका मुलीची वही होती. हुशार मुलगी, अक्षर मोत्यासारखं. वही उघडली, तर पानावर तारीख, वार, लाल शाईची ओळ, मधोमध 'आजचा अभ्यास', आणि खाली काहीच नाही. दुसरं पान उलटलं, तेच. माझं डोकं सणकलं. तारखा टाकून वही भरल्याचं सोंग करते म्हणजे काय? तेही हिनं?

सोमवारी भोंग्यावर मी चांगल्या बातम्या वाचल्या आणि शेवटी म्हणाले, "आता एक वाईट बातमी." तिचं पूर्ण नाव घेतलं. महिनाभराची वही कोरी दिली आहे, म्हटलं. नुसत्या तारखा टाकून शाळेच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही, असंही म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

शिपाईकाकांनी बटण बंद केलं. "लेकराचं नाव घेतलं तुमी मॅडम," ते म्हणाले.

"चुकलं त्याचंही नाव घेतलं पाहिजे, काका. नुसत्या कौतुकानं पोरं शेफारतात."

ते माईकची वायर गुंडाळायला लागले. मला माझं बरोबरच वाटत होतं, कारण त्या आठवड्यात खोक्यातल्या वह्या पुन्हा वाढल्या. तिची मात्र आली नाही. पुढच्या शनिवारीही आली नाही. मी म्हटलं, लाजली असेल, येईल. मग काकांनीच एक दिवस सांगितलं, "थे पोट्टी आता मायसोबत वावरात जाऊन राहिली. हरभरा सोंगायले."

पोर रोज हरभऱ्याच्या कापणीला जाते आहे, हे ऐकून मात्र मी सटपटले. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पोरांना शेजारच्या गावी जावं लागतं. ज्या मुली चौथीच्या वर्षी वावराच्या वाटेला लागतात, त्या जूनमध्ये त्या गावाला जात नाहीत. हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिलंय की मला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. खरं सांगायचं तर तेव्हाही रागवायलाच गेले होते.

घर पाण्याच्या टाकीमागं. आई नुकतीच वावरातून आली होती, मुलगी बादलीत हात धूत होती. हरभऱ्याच्या झाडावरच्या आंबट खारानं तिची बोटं लाल झाली होती. मला बघून ती आत गेली.

"तिला वावरात का नेता?" मी सुरुवातच अशी केली.

"मंग काय करते घरी बसून? साऱ्या गावात नाव घेतलं तुमी तिचं. पोट्टे तिले कोरी वही म्हन्तात. हाती वही धरत नाई आता थे."

"अभ्यास केला असता तर घेतलं असतं का मी नाव?"

आईनं विळा भिंतीला टेकवला. "अभ्यास आला कुठी घरात, मॅडम?"

मग मला कळलं. घरात फोन होता, पण तो बापाजवळ. बाप दुधाच्या गाडीवर, पहाटे निघायचा, अकोल्याला जायचा, रात्री पोरं झोपल्यावर यायचा. कधी कधी तिकडंच थांबायचा. ग्रुपवर काय येतं ते त्यानं कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. माझ्या यादीत मात्र या घरापुढं 'फोन आहे' अशी ठसठशीत टिक होती, म्हणून कागदही कधी या दारात आला नव्हता. संक्रांतीपर्यंत ती शेजारच्या मैत्रिणीच्या फोनवरून अभ्यास उतरवून घ्यायची. मग ते कुटुंब वीटभट्टीवर गेलं, आणि मला कुणी हे सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

काकांच्या हाती परत पाठवलेली ती वही मी मागितली. ती आतून घेऊन आली, माझ्या हातात दिली आणि दाराला टेकून उभी राहिली. या वेळी मी पान न् पान उलटलं. बावीस पानं होती. रोज तिनं तारीख घातली होती, वार घातला होता, मी शिकवल्याप्रमाणे लाल ओळ मारली होती आणि अभ्यास यायची वाट पाहिली होती. सातव्या पानावर खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, 'आज बाबा आले नाही.' बाराव्यावर, 'फोनची चार्जिंग संपली.' सोळाव्यावर, 'उद्या येईल.'

मी वही मिटली. 

"मॅडम," तिनं विचारलं, "तुमी पूरी वही पाह्यली होती का?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "दोन पानं पाहिली होती."

"मंग पूऱ्या वहीचं काहून सांगितलं?"

उलट प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी एरवी जागीच गप्प करते. तिच्यापुढं माझी मानच वर होईना. मी म्हटलं, "माझं चुकलं." आई म्हणाली, "इथं म्हनून काय होते मॅडम? थे तं तुमी भोंग्यावर बोलल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापक सरांना सांगितलं की मी भोंग्यावर माफी मागणार. सर भला माणूस, पण धास्तावले. "मॅडम, तिच्या घरी जाऊन आलात ना? झालं मग. शिक्षकानं गावापुढं चूक कबूल केली तर उद्या कोणी ऐकणार नाही आपलं. घरी दोन पुस्तकं नेऊन द्या." मी म्हटलं, "बदनामी चौकात आणि माफी चुलीपाशी, असं नसतं सर." राग माझा तोच होता. या वेळी तो योग्य माणसावर, म्हणजे माझ्यावर होता.

सकाळी नळाचं सांगून झालं. काकांनी माईक माझ्यापुढं सरकवला आणि आवाजाचं बटण बरंच वर फिरवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. "त्या दिशी होता तेवढाच ठेवला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आज एकच बातमी आहे. ती शाळेतल्या मॅडमची आहे." तिचं पूर्ण नाव तसंच घेतलं, वडिलांच्या नावासकट. "तिची वही कोरी होती, कारण मी तिला अभ्यास पोचवलाच नाही. ती रोज अभ्यासाला बसली होती. मी वही पूर्ण न बघता बातमी दिली. चूक माझी आहे, तिची नाही. तिला कोणी कोरी वही म्हणू नये. म्हणायचंच असेल तर मला म्हणा." मग बटण मीच बंद केलं.

ती त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक मला पाहून नेहमीपेक्षा जास्त आदरानं बोलत होते, पण ज्या पोरीसाठी हे केलं ती वावरातच होती, आणि नुसत्या आदराला काय चाटायचंय? मी धीर धरणारी बाई नाही. ते तीन दिवस मी कसे काढले माझं मला माहीत.

चौथ्या दिवशी दुपारी मी पंचायतीच्या ओसरीवर सर्वेक्षणाचे कागद लावत बसले होते. ती आली. तोंडाला ओढणी बांधलेली, हातात वही. माझ्यासमोर धरून म्हणाली, "मागचा अभ्यास द्या."

"नवीन आठवड्यापासून सुरू करू ना," मी म्हटलं. "मागचं राहू दे."

"नाई. पूरा पायजे."

ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि मी पहिल्या पानापासून लिहायला लागले. तिच्या तारखेखाली, तिच्या लाल ओळीखाली, माझ्या अक्षरात त्या त्या दिवसाचा अभ्यास. भागाकाराची पाच उदाहरणं. नकाशात आपला तालुका. पत्र लिहा. फोनमध्ये मागचं शोधून शोधून लिहीत होते. घाईत मी एक गुरुवार ओलांडला, तर तिनं बोट ठेवून मला मागं आणलं. बावीस दिवसांचा अभ्यास लिहिता लिहिता हात भरून आला, ऊन ओसरीवरून उतरून गेलं. ती वही घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी ती वही खोक्यात टाकायला नाही, माझ्या हातात द्यायला आली. बावीसच्या बावीस पानं भरलेली. ती समोर उभी, मी तपासत होते. पहिल्यापासून एकेक ओळ. नवव्या पानावर भागाकार चुकला होता, बाकी भाजकापेक्षा मोठी आली होती. माझा लाल पेन हातातच राहिला. एवढं सगळं झाल्यावर या मुलीच्या वहीवर फुली मारायची? मी आयुष्यात पहिल्यांदा चुकलेल्या उत्तरापुढून मुकाट्यानं पान उलटलं.

तिनं हात पुढं करून ते पान परत मागं आणलं.

"हे चुकलं ना मॅडम? मंग चुकलं म्हना. पाहून म्हनलं तं मले राग नाई येत."

मी फुली मारली. ती खाली बसली, माझ्याच हातातला पेन घेतला आणि भागाकार पुन्हा मांडला.