पप्पांना शेवट पटला नाही

नाशिक रोड स्टेशनवर पप्पांनी माझी मोठी बॅग सीटखाली ढकलली, तिला साखळी लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पासपोर्ट झोपतानाबी अंगाशी ठेव." आई खिडकीच्या गजांतून हात घालून माझी बोटं धरून उभी होती. मुंबईला उतरून मला थेट विमानतळ गाठायचा होता, आणि तिथून जपानमधलं नागोया. गाडी हलली तशी आईची बोटं सुटली. पप्पा मात्र जागेवरच उभे राहिले. सगळी नोकरी रेल्वेत काढलेला माणूस, चालत्या गाडीजवळ जायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

तुमच्यातले जे असेच निघाले, त्यांना पुढचं माहीत आहे. जे मागे राहिले, त्यांच्यासाठी सांगते: पहिल्या काही वर्षांत परदेश त्रास देत नाही, फोन देतो. आईशी अर्धा तास बोलणं व्हायचं. भाजी काय केली, थंडी किती आहे, कुणाचं लग्न ठरलं. पप्पांशी मात्र तीनच वाक्यं. "बरी हायेस ना? जेवली का? थांब, आईला देतो." मी काही म्हणायच्या आत फोन आईच्या हातात गेलेला असायचा. राग नव्हता. त्यांनीच तर मला जा म्हटलं होतं. फक्त आमच्यातले विषय संपले होते.

खरं तर लहानपणी आमचे विषय संपत नसत. आम्ही तेव्हा इगतपुरीला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो, नाशिक रोडचं घर नंतरचं. पप्पा बँकर चालवायचे, म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोर देणारं इंजिन. मूळचे चांदवडकडचे, त्यामुळे बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. ड्यूटीच्या वेळा विचित्र असल्यामुळे दुपारी ते घरी असायचे. इगतपुरीत एकदा पाऊस लागला की महिनोन् महिने अंगणात खेळायची सोय नाही, म्हणून मी शाळेतून आले की टीव्हीसमोर. पप्पा झोपायचं सोडून माझ्याशेजारी बसायचे आणि आम्ही हिंदीत डब केलेली जपानी कार्टून बघायचो. ॲनिमे हा शब्द मला कॉलेजात कळला. तोवर ते सगळं "मोठ्या डोळ्यांचं कार्टून" होतं.

आमची सगळ्यात लाडकी मालिका होती बेटांबेटांवर टपाल पोचवणाऱ्या एका मुलीची. तिच्याकडे आजोबांचं जुनं, पाण्यावर उतरणारं विमान असतं. पप्पांना त्यातल्या इंजिनाची काळजी. "एवढ्या आवाजाचं इंजिन तिनं आधी उतरवून तपासलं पायजे," असं ते मनापासून म्हणायचे. ती मुलगी डब्यातून पांढरे लाडू काढून खायची, त्यांना काळा कागद चिकटलेला असायचा. हिंदीत त्यांना लड्डूच म्हणत. कागदासकट कसं खाते, यावर आमची बरीच चर्चा झाली होती. आणि त्या चॅनेलची एक खोड होती. मालिका शेवटाकडे आली की अचानक पुन्हा पहिल्या भागापासून सुरू. ती मुलगी शेवटी आपल्या बेटावर परतते की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. "ह्यांच्याकडं पुढची रीळच नसंल," पप्पा म्हणायचे.

नागोयात एका नववर्षाच्या सुट्टीत माझ्या ऑफिसातले सगळे आपापल्या गावी गेले. मी खोलीत एकटी, हीटरच्या तोंडाशी बसून मोबाइल चाळत होते, तर एका ॲपवर जुन्या मालिकांची रांगच दिसली. मग काय, ती सुट्टी मी लहानपण पुन्हा बघण्यात घालवली.

माझी मतं स्पष्ट आहेत. शाळेत आम्ही जिच्यासाठी भांडायचो ती रोबोटवाली मालिका आज बघवत नाही. अर्धा भाग मागच्या भागात काय झालं ते सांगण्यात जातो, आणि उरलेल्या अर्ध्यात सगळे एकमेकांकडे डोळे वटारून बघतात. भटक्या तलवारबाजाची मालिका मात्र तेव्हा संथ वाटायची, आज ती मला उत्तम वाटते. त्यात माणसं मारामारी झाल्यावर दमतात, भांडी घासतात, पाय चेपतात. आणि टपालवालीतला खलनायक! हिंदीत तो एसटी स्टँडवरच्या दादासारखा गुरकायचा. मूळ जपानीत तो इतका अदबीनं बोलतो की अंगावर काटा येतो. आपल्या वरिष्ठांशी बोलताना मी जी भाषा वापरते, त्याच भाषेत तो लोकांची घरं जाळायची आज्ञा देतो. हे कळायला मला जपानी शिकावं लागलं.

हे सांगायचं कुणाला? मी घरी फोन लावला. पप्पा म्हणाले, "बरी हायेस ना? जेवली का?" आणि ते "थांब" म्हणायच्या आत मी म्हणाले, "पप्पा, ती विमानवाली पोरगी लाडू खायची ना, ते लाडू नव्हते. तो भात होता. आणि तो कागद नाही, समुद्रातलं शेवाळ होतं."

मग ते म्हणाले, "भात? मग त्यात साखर?"

"साखर नाही पप्पा. मीठ."

"मंग हिंदीवाल्यांनी एवढी वर्षं फसवलं काय आपल्याला!"

त्या दिवशी फोन आईकडे गेलाच नाही.

तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही ती मालिका सोबत बघायला लागलो. ॲपवर हिंदी डबिंग नव्हतं, म्हणून मी जपानी ऐकून लगेच मराठीत बोलायचे. टपालवाली माझ्या आवाजात, एका बेटावरची राजकन्या माझ्या आवाजात, खलनायक माझ्या आवाजात, समुद्रपक्षीसुद्धा माझ्याच आवाजात. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अगं, राजकन्या अशी बोलते का? जरा नीट बोल!" पप्पा इंजिनावर बारीक लक्ष ठेवून असायचे.

असं करत आम्ही शेवटापाशी आलो, आणि मी शेवटचा भाग लावायचं टाळू लागले. कारण वेगळं होतं. कंपनीनं मला कायम केलं होतं, मी इथं छोटं घर घ्यायचं ठरवलं होतं, आणि हे घरी सांगितलं नव्हतं. आईनं मी दोन-तीन वर्षांत परत येणार हे गृहीत धरलं होतं.

शेवटी ती मुलगी आपल्या बेटावर परतते, आईला भेटते, आणि सकाळी पुन्हा निघते. नव्या मुलखात टपालाचा मार्ग सुरू करते. संपलं.

पप्पा म्हणाले, "लय घाई केली. एवढं गाव आलं, आन् एका रातीत परत? आईला धड जेवू तरी घालू द्यायचं."

"पण पप्पा, तिचं काम तिकडं होतं."

"काम असू दे की. जाऊ नको कोण म्हणतंय? पण दाखवायचं नीट. रडारड दाखवायची, भांडण दाखवायचं."

मी म्हणाले, "मीपण इथंच राहायचं ठरवलंय. घर घेतेय."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. आई हात पुसत आली आणि पप्पांच्या हातातून फोन घेतला. ती रडली, भांडली. "आम्हाला विचारायचं तरी होतंस," म्हणाली. मी सगळं ऐकून घेतलं, आणि तरी माझा निर्णय बदलला नाही. बऱ्याच वेळानं मागून पप्पांचा आवाज आला. "अगं, ती वर्षभर झालं हापिसातून तिकडल्या खोलीवर निघताना 'घरी जाते' म्हणती. मला ठाऊक होतं."

मागच्या डिसेंबरात मी नाशिक रोडला गेले. माझ्या खोलीत माझं काहीच नव्हतं. पलंग गेला होता, भिंतीवर मोठा टीव्ही, समोर दोन आरामखुर्च्या. माझं अंथरूण हॉलमध्ये. पहिल्या दिवशी मला ते लागलं. तिथं राहायचं नाही हे मीच ठरवलं होतं, तरी लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या खोलीत डोकावले, तर आई आणि पप्पा खुर्च्यांवर बसून तलवारबाजाची मालिका बघत होते. हिंदीतली, कुठून तरी शोधलेली. मी दारात उभी राहिले आणि एकदम हलकं वाटलं. ही दोघं माझी वाट बघत बसली नव्हती. त्यांचं छान चाललं होतं, आणि म्हणूनच मी इथं कधीही येऊ शकत होते.

मी दोघांच्या मध्ये जमिनीवर बसले आणि विचारलं, "हा कोण आता? मागे काय झालं?"

आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "मध्ये बोलू नको गं. आणि जरा डोकं खाली कर, दिसत नाहीये."