सोपानमामांच्याच हातात बंद पडणारी पोकलेन

गेल्या मंगळवारी केडगावजवळच्या एका शेततळ्यावर आमची पोकलेन पुन्हा रुसून बसली. इंजिन मजेत चालू, पण बूम, म्हणजे तिचा लांब हात, जागची हलेना, बकेट हवेत तशीच… आणि डिस्प्लेवर तोच एरर कोड.

मशीन आम्ही सेकंडहँड घेतलेली. तरी घरात तिचा रुबाब असा, की दसऱ्याला पहिला हार तिला आणि उरलेल्या फुलांत आम्ही सगळे. बुकिंगचे फोन घेणं आणि साइटवर डिझेल पोचवणं माझ्याकडे असल्यामुळे तिचे नखरे मला तोंडपाठ आहेत… पण हा नखरा वेगळाच होता.

ती बंद पडायची ती फक्त सोपानमामांच्या हातात. मामा आमचे ऑपरेटर. अंगकाठीने लहानखुरे, आणि बोलणं त्याहून कमी. ते सुट्टीवर असले की एक बदली ऑपरेटर यायचा, चांगला उंचापुरा माणूस. तो दिवसभर मशीन चालवायचा आणि साधी बीपसुद्धा यायची नाही. मामा बसले की थोड्याच वेळात कोड हजर.

मेकॅनिक येऊन कोड पुसून गेले, स्विच बदलून गेले, फरक शून्य. शेवटी आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निकाल लावला… मामाच आरामासाठी काहीतरी खोड्या करतात. त्याच संध्याकाळी मामांना नारळ द्यायचा, आणि बदली ऑपरेटरला उद्यापासून कायमचं बोलवायचं, असं ठरूनही गेलं.

मला फार वाईट वाटत होतं. हा माणूस मशीन बंद पाडतो, असं एकदा शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पसरलं की कुठलाच मालक त्यांना केबिनमध्ये चढू देणार नाही. या वयात मामा दुसरं काय करणार… त्यांनाही आपल्यावरच्या संशयाची कुणकुण आधीच लागली होती. केबिन रोज जास्तच निगुतीने पुसायचे.

म्हणून मी आप्पांना एवढंच म्हटलं, की आधी तृप्तीला बघू द्या. तृप्ती शिरूरकडची. पूर्वी रांजणगावला एका कंपनीत वायरिंग तयार करायच्या लाइनवर होती, आता जुन्या मशीनचे इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधते. स्कूटीला लॅपटॉपची बॅग अडकवून आली, चहा नको म्हणाली आणि थेट केबिनमध्ये चढली.

कोड वाचून तिने आम्हाला नीट समजावलं. सीटच्या डावीकडे एक लाल लिव्हर असतो. तो वर केला की मशीनचे हातपाय लॉक होतात, म्हणजे उतरताना चुकून धक्का लागला तरी काही हलत नाही. इथे लिव्हर खाली असतानाही मशीनला तो वर आहे असं वाटत होतं. का वाटतंय, ते कोड सांगत नाही… पोरगं पोटात दुखतंय म्हणून रडतं, काय खाल्लं ते आपणच शोधायचं, असं ती म्हणाली.

मग सीट मागे ढकलून ती मीटर घेऊन आत घुसली. वायरी हलवून पाहिल्या, कनेक्टर काढून पाहिले, स्वतः बसून बकेट फिरवली… सगळं ठणठणीत. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला डिझेलच्या कॅनमागे लपावंसं वाटलं.

दुसरं कुणी असतं तर मशीन ओके आहे म्हणून निघून गेलं असतं, आणि मामांवरचा शिक्का पक्का झाला असता. तृप्तीने मामांना हाक मारली. "मामा, आता तुम्ही बसा. रोज बसता तसंच बसा, माझ्याकडं बघू नका."

मामा चढले. पाय पेडलला पोचावेत म्हणून सवयीने सीट पुढे ओढली… दोन बकेट माती उचलली नाही तोच बीप, आणि बूम ठप्प.

"बघ, मी काय सांगत हुतो," आप्पा मला म्हणाले. मामा खाली मान घालून उतरायला लागले. तृप्तीने त्यांना तिथेच थांबवलं, कशालाच हात लावू नका म्हणाली, आणि स्वतः खालच्या साखळीच्या ट्रॅकवर आडवी होऊन मोबाइलच्या उजेडात सीटखाली बघायला लागली.

आणि सापडलं. आधीच्या मालकाकडे कुणीतरी त्या लिव्हरची वायर तोडून जोडली होती, आणि जोड टेपने गुंडाळून फ्रेमला करकचून बांधला होता. लिव्हर सीटबरोबरच सरकतो, त्यामुळे सीट मागे असली की वायर सैल. पुढे ओढली की ती ताणली जायची, टेपच्या आतल्या आत जोड सुटायचा, आणि मशीनला वाटायचं लिव्हर वर गेला. उंच माणूस सीट मागेच ठेवायचा, म्हणून त्याला कधी त्रास नाही… मामांचा गुन्हा एवढाच, की त्यांचे पाय आखूड.

तिने आप्पांना वर बोलावून, सीट मागे-पुढे करून दाखवलं. मग त्यांच्या देखतच मामांना म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाई मामा. वायर तोकडी हाय."

नवी वायर टाकताना तिने मुद्दाम ती थोडी ऐसपैस सोडली. जी वस्तू हलते तिच्या वायरलाही हलायला जागा ठेवायची, हे म्हणे ती कंपनीच्या लाइनवर शिकली. तिचे ते सफाईदार हात बघत मी उन्हात उभीच राहिले… कौतुकाने, दुसरं काय.

काम झाल्यावर मामा ट्रायलला बसले, पण सीट मागेच ठेवून. पायाची नुसती बोटं पेडलला टेकलेली. तृप्ती खालून म्हणाली, "घ्या की पुढं मामा. पाहिजे तेवढी घ्या."

मामांनी भीतभीत सीट पुढे ओढली. बकेट मातीत घुसली, वर आली, वळली… पुन्हा घुसली. डिस्प्ले गप्प. आप्पांनी फोन काढला आणि इंजिनच्या आवाजावर ओरडून बदली ऑपरेटरला सांगितलं, की उद्यापासून यायची गरज नाही. त्यांना माफी मागता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

जेवायला उतरल्यावर मामा पहिल्यांदा बोलले… "सूनबाई, मला बी वाटाया लागलं हुतं, माझ्याच हाताला कायतरी झालंय म्हून."

इतके दिवस आम्ही त्यांच्याकडे संशयाने बघत होतो, आणि ते स्वतःच्या हातांकडे…

तृप्ती, कोड वाचणारे पुष्कळ भेटले गं. तू मामांना बसवून बघितलंस, त्याबद्दल मनापासून थँक्यू.