रुमालाखालची पाच बोटं

लोक माझ्यावर पटकन विश्वास ठेवत नाहीत, याला माझा चेहरा जबाबदार आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. कपाळाला आठी, खांद्याला बॅग, हातात छापील कागद. असा माणूस जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर शिरला की आधी कुत्री भुंकतात आणि मग माणसं. मी मानसशास्त्राचा माणूस. बिबट्याच्या भीतीनं गावकऱ्यांच्या मनाचं आणि झोपेचं काय होतं, याची पाहणी एका संस्थेनं माझ्याकडं सोपवली होती. पिंपळवंडीत पहिल्याच ओट्यावर एक म्हातारबा म्हणाले, "फॉरेस्टचं का?"

"नाही."

"मंग विम्याचं?"

"नाही हो बाबा. मी फक्त तुमच्या भीतीबद्दल विचारणार."

"फुकाट?" एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मलाच माझा संशय आला.

मी संमतीपत्र पुढं केलं. "तुमचं नाव कुणालाही कळणार नाही. इथं फक्त सही करा."

"कुणाला कळायचं न्हाई, तर मंग सही कशापायी?"

याचं उत्तर मला एम.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. दुसरी पंचाईत गोपनीयतेची. एकाला प्रश्न विचारावा तर आठजण गोळा होत आणि आठहीजण उत्तर देत. 'भीती किती वाटते, एक ते पाच' म्हटलं की शेजारी ओरडे, "त्याचं काय इचारता राव, पाचाच्या म्होरं काय असंल तर ते लिवा!" सगळे हसत आणि ज्याला विचारलं तो छाती काढून म्हणे, "एक लिवा. आपुन न्हाई भीत." माझ्या कागदांवर सगळा तालुका शूर निघाला.

असाच एक शूर बोरी बुद्रुकला भेटला. हेडी, म्हणजे गुरांचे सौदे जुळवणारा दलाल. त्यानं एकट्यानं काठीनं बिबट्या हाकलला होता, हे मला तो भेटायच्या आधीच चारजणांनी सांगितलं होतं. प्रश्नावली पाहून तो हळूच म्हणाला, "हितं न्हाई. बेल्ह्याच्या बाजारात या."

बाजारात त्यानं मला गुरांच्या गर्दीत उभं केलं, खांद्यावरचा रुमाल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि म्हणाला, "इचारा आता." हेड्यांचा भाव असाच ठरतो. तोंडानं कुणी बोलत नाही. रुमालाखाली एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची, भोवतीच्यांनी माना उंच करून बघायचं, आणि कळायचं कुणालाच नाही. मी विचारलं, "रानात एकटं जायची भीती? एक ते पाच." त्याचा चेहरा बाभळीच्या खोडासारखा होता. रुमालाखाली मात्र त्यानं माझी पाचही बोटं अशी आवळली की अंगठी रुतली.

"मास्तर, गाय घेता का काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढं तो दर शनिवारी नारायणगावातल्या माझ्या खोलीवर उपचारासाठी यायला लागला. तिसऱ्या शनिवारी त्यानं खरं सांगितलं. बिबट्या बांधावर आला तेव्हा हा टेम्पोच्या केबिनमध्ये शिरला आणि आतून दार लावून घेतलं. बायको बाहेर, डोक्यावर चाऱ्याचा भारा. तिनं भारा फेकला, विळा उगारला, शिव्या दिल्या, आणि जनावर उसात गेलं. गावात येऊन तिनंच सांगितलं, "ह्यांनी हाकाललं." तेव्हापासून ती गप्प होती आणि हा आतल्या आत सडत होता. "तिच्या म्होरं भाकरी मोडताना बी लाज वाटती," तो म्हणाला. "ह्ये कुटं जायचं न्हाई ना?"

"इथून कुठंही जाणार नाही," मी म्हणालो.

हळूहळू त्याला झोप लागायला लागली. एकदा तो एकटा उसाच्या कडेपर्यंत जाऊन आला आणि पेढे घेऊन माझ्याकडं आला. आणि मग एका शनिवारी आलाच नाही. दुसऱ्याही नाही. फोन उचलेना. बाजारात चौकशी केली तेव्हा कळलं, की तो दिसला की पोरंसोरं टेम्पोचं दार धाडकन लावतात आणि गुरगुरतात. गुरगुरण्यापर्यंत ठीक होतं. पण दार? दाराचं कुणाला माहीत?

माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. हा गुप्तहेर मूर्ख आहे, हे सांगून ठेवतो. पहिला संशय झेरॉक्सवाल्यावर. त्याच्याकडून मी कोऱ्या प्रश्नावल्यांशिवाय काही काढलं नव्हतं, तरी तीन दिवस मी त्याच्या दुकानासमोर चहा पीत त्याच्यावर नजर ठेवली. त्यानं शेवटी विचारलं, "सर, काही बाकी हाय का?" दुसरा संशय खोलीच्या मालकावर. मग मी कपाटाला दुसरं कुलूप लावलं, किल्ली चपलेत ठेवली आणि आठवडाभर लंगडत हिंडलो. शेवटी राहिली माझी सहकारी, माझ्या नोंदी संगणकात भरणारी. एका दुपारी मी दार लोटून घेतलं आणि तिला अतिशय गंभीर आवाजात व्यावसायिक नीतीवर व्याख्यान दिलं.

तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, घोडेगावला शिक्षकांच्या शिबिरात तुम्ही काय बोललात, आठवतंय?"

"भीती आणि प्रतिष्ठा या विषयावर बोललो."

तिनं फोन पुढं धरला. व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत तिच्यापर्यंत आलेली क्लिप होती. आवाज ओळखीचा, जरा जास्तच रंगात आलेला. "नाव मी सांगणार नाही," मी म्हणत होतो, "ते आपल्या धंद्यात पाप आहे. पण बेल्ह्याच्या बाजारातला एक हेडी, बिबट्या हाकलणारा म्हणून गाजलेला..." पुढं केबिन, दार, भारा, विळा. टेम्पोचं दार लागल्याचा आवाज मी तोंडानं काढला होता. हशा. मग मी हसू ओसरायची वाट पाहिलेली ऐकू येत होती. ते वाट पाहणं ऐकवत नव्हतं.

नाव तेवढं झाकलं होतं. जिथं माणसाला त्याच्या बैलावरून, विहिरीवरून, चालण्यावरून ओळखतात, तिथं नाव हा सगळ्यात निरुपयोगी पत्ता असतो. हे पिंपळवंडीच्या म्हातारबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

सहकारिणीची माफी मागितली. ती म्हणाली, "माझी नंतर. आधी त्यांच्याकडं जा." संस्थेला सगळं लेखी कळवलं आणि बोरीला गेलो. दारात हेड्याची बायको उभी. आत या म्हणाली नाही.

"मी इतकी वर्सं झाकलं," ती म्हणाली, "आन् तुमी टाळ्यांपायी उघडं केलं व्हय? शिकल्याली मानसं ना तुमी?"

मी मान खाली घालून म्हणालो, "चूक माझीच. त्यांनी उपचार मात्र सोडू नयेत. माझ्याकडं नको, दुसऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, मी बोलून..."

"काय बोलून? त्यांना बी गोष्ट सांगितली का काय?"

"नाही! नुसतं विचारलं, वेळ आहे का."

"आता समद्या मुलखाला ठावं झालंच हाय," ती म्हणाली, "तर कवा लिवलंत कुटं, तर नीट लिवा. वाघ मी हाकालला. काठीनं न्हाई, इळ्यानं." आत खाटेवर कुणीतरी खोकलं. तो होता. बाहेर आला नाही.

हे लिहून झाल्यावर मी दोघांना वाचून दाखवलं आणि विचारलं, छापू का? तिनं शिव्यांचा उल्लेख राहू द्यायला सांगितलं. त्यानं दोन गोष्टी काढायला लावल्या. त्या काढल्यात. त्या कोणत्या, हे अर्थातच सांगणार नाही.

पण त्याच्याही आधी, घोडेगावच्या क्लिपनंतर तो पहिल्यांदा बाजारात उभा राहिला, त्या दिवशी मी तिथं गेलो होतो. कुणीतरी टेम्पोचं दार आपटलं. तो वळला नाही. डॉक्टरीणबाईंकडं जातोय, एवढंच बोलला. मी विचारलं, "आता माझ्यावर भरवसा किती? एक ते पाच." विचारायला नको होतं, पण सवय. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला आणि माझी बोटं धरली.

भोवतीच्या माना उंच झाल्या. "काय झालं मास्तर, कितीला ठरलं?" मागून कुणीतरी म्हणालं.

गोष्ट लई भारी होती. आकडा सांगायला जीभ शिवशिवत होती. मी हात खिशात घातला आणि गाडी गाठली.